रुग्णालयाच्या कर्मचारी ग्रंथालयाचे वार्तापत्र कोणी वाचत नाही; त्यात काय द्यावे आणि ते कुठून मिळवावे?

ग्रंथपाल, खानदेश (प्रश्न)

नमस्कार. खानदेशातील १८० खाटांच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी चार वर्षांपासून ग्रंथपाल आहे. आमचे ग्रंथालय फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे; डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि औषध विभागातील मंडळी मिळून साधारण साडेतीनशे जण त्याचे सभासद आहेत. तळमजल्यावर क्ष-किरण विभागाच्या शेजारी एक खोली, तीत सुमारे अडीच हजार पुस्तके, दोन संगणक आणि सहा जणांना बसता येईल असे एक टेबल, एवढाच आमचा पसारा. छापील नियतकालिकांची वर्गणी करोनाच्या वर्षी थांबवली गेली आणि ती पुन्हा सुरू झाली नाही.

गेल्या वर्षी व्यवस्थापनाच्या सूचनेवरून मी दोन पानांचे मासिक वार्तापत्र सुरू केले. नव्याने दाखल झालेली पुस्तके, ग्रंथालयाच्या वेळा, आरोग्यविषयक दिनविशेष आणि परत न आलेल्या पुस्तकांबद्दल विनंती, असे त्याचे स्वरूप आहे. आतापर्यंत सात अंक काढले. पाचव्या अंकात माझ्या हातून चौथ्या अंकाचीच पुस्तकयादी पुन्हा छापली गेली आणि साडेतीनशे लोकांपैकी एकानेही ते मला सांगितले नाही. त्या दिवसापासून मी अस्वस्थ आहे, कारण हे काम मी मन लावून करतो आणि तरीही ते कोणापर्यंत पोहोचत नाही हे त्यातून उघड झाले.

पुढच्या तिमाहीत विश्वस्त मंडळ या खोलीचा निर्णय घेणार आहे; तिथे कॅशलेस विमा कक्ष हलवावा असा प्रस्ताव आहे. वर्गणीसाठी पैसे मिळण्याची शक्यता जवळपास नाही. अशा परिस्थितीत वार्तापत्रात नेमके काय असावे, विनाशुल्क आणि तरीही विश्वासार्ह अशी साधने कोणती, संशोधन नियतकालिके सामायिक वर्गणीवर उपलब्ध करून देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेचा आम्हाला लाभ मिळू शकेल का, आणि ग्रंथालयाचा रुग्णसेवेला उपयोग होतो हे विश्वस्तांना कसे पटवून द्यावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त ग्रंथपाल, पुणे

आपला प्रश्न वाचून मला माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे आठवली. मीही तेव्हा ‘नवीन दाखल ग्रंथ’ अशी यादी टंकलिखित करून प्रत्येक विभागात पाठवत असे, आणि ती सूचना फलकावर लसीकरणाच्या वेळापत्रकाखाली झाकली जात असे. दोष यादी करणाऱ्याचा नसतो. आपल्या कपाटात काय आले याची ती बातमी असते, आणि रात्री दोन वाजता वॉर्डात उभ्या असलेल्या माणसाला आपल्या कपाटाशी काही देणेघेणे नसते. त्याला त्याच्या समोरच्या रुग्णाबद्दल काहीतरी अडलेले असते.

म्हणून माझी सूचना अशी की वार्तापत्राची सुरुवात वॉर्डातून करावी. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे गर्ट्रूड लॅम या ग्रंथपालबाईंनी १९७१ मध्ये ग्रंथपालाला डॉक्टरांच्या राउंडबरोबर पाठवण्याची पद्धत सुरू केली. राउंडमध्ये निघालेला प्रश्न ग्रंथपालाने टिपून घ्यायचा, त्यावरचे साहित्य शोधायचे आणि ते त्या चमूकडे परत आणून द्यायचे, एवढी साधी ती कल्पना होती. आपल्याकडे एकट्या ग्रंथपालाला रोज राउंडला जाणे शक्य होणार नाही हे मी जाणतो, परंतु आठवड्यातून एक दिवस, एका विभागाच्या प्रमुखांची परवानगी घेऊन, मागे उभे राहून ऐकणे नक्कीच शक्य आहे. पहिले दोन-तीन आठवडे अवघडल्यासारखे होईल. मलाही झाले होते. नंतर डॉक्टर स्वतःच मागे वळून विचारू लागतात.

प्रश्नांसाठी एक साधी नोंदवही ठेवा. तारीख, विभाग, प्रश्न, कोणते साधन पाहिले, काय मिळाले आणि उत्तर कधी कळवले, एवढे रकाने पुरेत. रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील त्या वहीत येता कामा नये, हे पहिल्या पानावरच लिहून ठेवा. मग दर महिन्याला त्यातले तीन प्रश्न निवडा आणि प्रत्येकाचे पाच-सहा ओळींत उत्तर, ते जिथून घेतले त्या साधनाचे नाव आणि ते पाहिल्याची तारीख द्या. उत्तर म्हणजे उपचाराचा सल्ला नव्हे हे कटाक्षाने पाळावे लागते. ‘अमुक मार्गदर्शक तत्त्वात असे म्हटले आहे’ इथपर्यंत आपली हद्द, त्यापुढचा निर्णय उपचार करणाऱ्याचा. छापण्याआधी त्या विभागातील एका ज्येष्ठ व्यक्तीला मजकूर दाखवत जा.

एका गोष्टीवर मी थोडा अधिक बोलणार आहे, कारण तिची चर्चा फारशी होत नाही. आपल्या अडीच हजार पुस्तकांपैकी किती पुस्तके आज कपाटात असणे सुरक्षित आहे, हे आपण कधी तपासले आहे का? जुनी कादंबरी कपाटात राहिली तर तिचा कोणाला त्रास नसतो. जुने वैद्यकीय पुस्तक मात्र चुकीचे उत्तर तितक्याच ठामपणे देते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये प्रौढांच्या हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचा (सीपीआर) क्रम बदलला आणि आधी श्वसनमार्ग पाहण्याऐवजी आधी छाती दाबण्यास सुरुवात करावी असे सांगितले. त्याआधीचे प्रथमोपचाराचे पुस्तक आपल्याकडे असेल, तर नवशिकी परिचारिका त्यातून जुना क्रम शिकेल. क्षयरोगाचेही तसेच. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीन दिवस औषधे दिली जात, २०१७ मध्ये देशभर रोजच्या मात्रेची पद्धत लागू झाली. तरीही जुन्या प्रशिक्षण पुस्तिका अनेक ग्रंथालयांत अजून दिमाखात उभ्या असतात.

तेव्हा विभागप्रमुखांची एक लहान समिती करून निर्लेखन, म्हणजे कालबाह्य पुस्तके संग्रहातून काढण्याचे काम, हाती घ्या. ज्यांचे ऐतिहासिक मूल्य आहे ती पुस्तके वेगळ्या कपाटात ‘केवळ संदर्भासाठी, उपचारासाठी नव्हे’ असा शिक्का मारून ठेवा आणि बाकीची रीतसर ठराव करून दाखल नोंदवहीतून कमी करा. कोणती पुस्तके काढली आणि का काढली, ही यादी वार्तापत्रात अवश्य द्या. माझा अनुभव असा की नव्या पुस्तकांच्या यादीपेक्षा काढलेल्या पुस्तकांची यादी लोक जास्त लक्षपूर्वक वाचतात, कारण त्यातले एखादे पुस्तक त्यांनी स्वतः अभ्यासलेले असते.

फिजिशियन, रायगड

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. मी ग्रंथपाल नाही, वापरणारा आहे, म्हणून साधनांविषयी लिहितो.

पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंधांची विनाशुल्क ऑनलाइन सूची सर्वांना ठाऊक असते, पण ते वापरणारे बहुतेक लोक शोधपेटीत दोन शब्द टाकतात आणि पहिल्या पानावरचे चार सारांश वाचून थांबतात. ग्रंथपाल इथेच आम्हाला खरी मदत करू शकतो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० पासून वैद्यकीय विषयांची एक नियंत्रित शब्दसूची चालवली आहे, जिला आपण ‘मेश’ म्हणतो. त्यातील योग्य संज्ञा निवडली की वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या शब्दांत मांडलेला एकच विषय एकत्र सापडतो. शिवाय डावीकडे संपूर्ण लेख विनाशुल्क असलेले निकाल वेगळे काढण्याची सोय आहे, आणि खाते उघडल्यास एखादा शोध जतन करून त्याचे नवे निकाल दर आठवड्याला ईमेलने मागवता येतात. प्रत्येक विभागासाठी असा एकेक शोध आपण बांधून दिलात, तर ते एकच काम सात वार्तापत्रांपेक्षा मोलाचे ठरेल.

आमच्या भागातले उदाहरण देतो. कोकणात विंचूदंशाचे रुग्ण येतात आणि त्यात लहान मुले असली की घरचे लोक अक्षरशः धावत येतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषयावर अनेक दशके काम केले. विंचूदंशावर केवळ प्राझोसिन (मुळात रक्तदाबावरचे औषध) देणे आणि प्राझोसिनबरोबर प्रतिविष देणे यांची ७० रुग्णांमध्ये तुलना करणारा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि तो आजही संपूर्ण, विनाशुल्क वाचता येतो. दोन्ही औषधे मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले असा त्याचा निष्कर्ष होता. माझ्याकडे आलेल्या एका नव्या निवासी डॉक्टरला हा अभ्यास शेजारच्या तालुक्यात झाला आहे हे माहीत नव्हते. तो परदेशी पाठ्यपुस्तकात विंचवाचे प्रकरण शोधत बसला होता, आणि तिथे वर्णन दुसऱ्याच खंडातल्या विंचवांचे होते. आपल्या परिसरातील आजारांवर आपल्याच लोकांनी लिहिलेले साहित्य समोर आणणे, हे मला कर्मचारी ग्रंथालयाचे सर्वांत महत्त्वाचे काम वाटते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाची स्टाफ सोसायटी १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालवते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ तर १९१३ पासूनचे आहे. दोन्ही खुली आहेत आणि दोन्हींच्या नव्या अंकांतील एकेक उपयुक्त लेख दर वेळी वार्तापत्रात देता येईल.

रोजच्या कामासाठी आणखी काही. एनसीबीआय बुकशेल्फ या विनाशुल्क संग्रहात ‘स्टॅटपर्ल्स’ची प्रकरणे आहेत, यकृतावर होणाऱ्या औषधांच्या परिणामांसाठी ‘लिव्हरटॉक्स’ आहे आणि स्तनदा मातेला एखादे औषध देता येईल का यासाठी ‘लॅक्टमेड’ आहे. त्यात औषधाचे दुधात उतरणारे प्रमाण, बाळावरील नोंदवलेले परिणाम आणि पर्यायी औषधे असे सगळे एका पानावर मिळते. प्रसूती विभागाला हे एक साधन जरी आपण हाताशी दिलेत तरी ते तुम्हाला विसरणार नाहीत. प्रतिजैविकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये काढलेले ‘अवेअर’ पुस्तक उतरवून घ्या. त्यात प्रतिजैविकांची ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह अशी वर्गवारी आहे आणि नेहमीच्या संसर्गांसाठी निवड व मात्रा दिली आहे. आपल्या संशोधन परिषदेच्या ‘स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लोज’ एकेका पानाच्या असल्यामुळे छापून वॉर्डात लावता येतात. एकेका उपचारावरील सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेची पुनरावलोकने प्रसिद्धीनंतर बारा महिन्यांनी विनाशुल्क होतात आणि त्यांचे सोप्या भाषेतील सारांश पहिल्या दिवसापासूनच खुले असतात.

एक विनंती. कुणी कितीही आग्रह केला तरी पाठ्यपुस्तकांच्या अनधिकृत प्रती व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. स्वामित्वहक्काचा भंग होतोच, पण त्याहून मला भीती वाटते ती अशी की त्या फायली वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि कोणती आवृत्ती कोणाच्या मोबाइलमध्ये आहे हे कोणालाच कळत नाही. फाइलऐवजी दुवा पाठवावा, म्हणजे उघडणाऱ्याला त्या दिवशीची आवृत्ती दिसते.

इन्चार्ज सिस्टर, सोलापूर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. डॉक्टरांच्या सोयीचे पुष्कळ लिहिले गेले. आमच्या बाजूनेही थोडे लिहिते.

ग्रंथपाल दादा, आपल्या ग्रंथालयाची वेळ काय आहे? बहुतेक ठिकाणी ती सकाळी दहा ते सायंकाळी पाच अशी असते. सकाळपाळीच्या सिस्टरला दुपारी दोनपर्यंत मान वर करायला वेळ नसतो, दुपारपाळीची सिस्टर हँडओव्हर घेत असते, आणि रात्रपाळीला ग्रंथालयाला कुलूप असते. साडेतीनशे सभासदांपैकी निम्म्याहून अधिक परिचारिका असतील तर ही वेळ त्यांच्यासाठी नाहीच. माझ्या आधीच्या रुग्णालयात आम्ही मेट्रन मॅडमच्या परवानगीने रात्री ग्रंथालयाची किल्ली नाइट सुपरवायझरकडे ठेवण्याची पद्धत सुरू केली होती, आणि एका वर्षात एकही पुस्तक हरवले नाही.

दुसरे भाषेचे. आमच्यातल्या कित्येकींचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. त्यांना इंग्रजी वाचता येते, पण बारा तास उभे राहून झाल्यावर दाट इंग्रजी सारांश वाचायची उमेद राहत नाही. उत्तर मराठीत द्या आणि औषधांची व आजारांची नावे जशी आम्ही बोलतो तशीच ठेवा. ‘रक्तक्षय’ लिहून आम्हाला कोड्यात टाकू नका, ‘ॲनिमिया’ लिहा. हा वाचण्याच्या सोयीचा प्रश्न आहे, आणि सोय झाली की वाचणाऱ्या वाढतात हे मी पाहिले आहे.

ग्रंथालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, विदर्भ

योजनेबद्दल विचारले आहे त्याचे उत्तर देतो. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ती १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके तीत येतात आणि गांधीनगरचे इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ ग्रंथालयांसाठीचे केंद्र तिचे काम पाहते. परंतु ही योजना केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. आपले रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असल्यामुळे ते आज तरी तिच्या कक्षेत येत नाही. कमी उत्पन्नाच्या देशांना वैद्यकीय नियतकालिके विनाशुल्क किंवा सवलतीत देणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हिनारी’ योजनेबद्दलही पुष्कळ जण विचारतात; तिच्या पात्र देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

मात्र आपल्या जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाशी लेखी संपर्क ठेवा. बाहेरच्या व्यक्तीला आमचा पासवर्ड देणे करारात बसत नाही आणि तसे कोणी सुचवल्यास नकार द्यावा, पण ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन वाचण्याची परवानगी अनेक ठिकाणी अर्ज केल्यावर मिळते. लेखाच्या मुख्य लेखकाला ईमेल करून प्रत मागवणे हाही सरळ मार्ग आहे आणि लेखक बहुधा आनंदाने पाठवतात.

वार्तापत्रात मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी एक छोटी चौकट ठेवाच. करोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्याविषयीचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध २२ मे २०२० रोजी आला आणि ४ जून २०२० रोजी मागे घेतला गेला. त्या तेरा दिवसांत तो किती ठिकाणी पोहोचला हे आपण सर्वांनी पाहिले, आणि मागे घेतल्याची बातमी तितक्या वेगाने पोहोचली नाही हेही पाहिले. पबमेडवर अशा लेखाच्या नोंदीवर ठळक सूचना असते, आणि मागे घेतलेल्या निबंधांची रिट्रॅक्शन वॉचने केलेली सूची २०२३ पासून क्रॉसरेफ या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने खुली केली आहे. महिन्यातून एकदा आपल्या विभागांशी संबंधित नोंदी पाहायला अर्धा तास पुरतो.

विश्वस्तांसाठी आधार हवा असेल तर न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर भागातील १९९२ चा अभ्यास दाखवा. पंधरा रुग्णालयांच्या ग्रंथालयांनी पुरवलेल्या माहितीबद्दल डॉक्टरांना विचारले गेले, आणि उत्तर देणाऱ्या २०८ जणांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी या माहितीमुळे आपण रुग्णाची काळजी एरवीपेक्षा काही ना काही वेगळ्या रीतीने हाताळली, किंवा बहुधा हाताळली, असे सांगितले. तो दाखवताना हेही प्रामाणिकपणे सांगा की विचारलेल्यांपैकी निम्म्याहून कमी डॉक्टरांनी उत्तरे दिली होती आणि ती त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेली होती. अर्थात खानदेशातल्या विश्वस्तांना रॉचेस्टरपेक्षा आपल्या रुग्णालयाची नोंदवही अधिक पटेल. बैठकीआधी तिच्यात चाळीस प्रश्न आणि त्यांची उत्तरे जमली पाहिजेत असे बघा.

ग्रंथपाल, खानदेश

सर्वांचा मनापासून ऋणी आहे. तीन आठवडे थांबून मुद्दाम आता लिहितो आहे, कारण काही करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यावेसे वाटले नाही.

मेडिसिन विभागप्रमुखांनी दर बुधवारी राउंडला येण्याची परवानगी दिली. नोंदवहीत आजवर अकरा प्रश्न आले असून त्यांतील सात परिचारिकांचे आहेत. अपस्माराचे औषध चालू असलेल्या एका स्तनदा मातेबद्दल प्रसूती विभागातून फोन आला, तेव्हा मी लॅक्टमेडवरील नोंद छापून वर नेऊन दिली आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांनी ती माझ्यासमोर पूर्ण वाचली. चार वर्षांत मी दिलेला कागद कोणी माझ्यासमोर वाचल्याचा तो पहिला प्रसंग होता. प्रथमोपचार आणि क्षयरोग या दोन विषयांवरची जुनी एकोणीस पुस्तके वेगळी काढली आहेत, ठराव पुढच्या बैठकीत मांडणार आहे. आठवा अंक एकाच पानाचा आणि मराठीत निघेल. दिनविशेष वगळला आहे.

किल्लीबाबत मेट्रन मॅडम अनुकूल आहेत, फक्त सुरक्षा विभागाची लेखी संमती यायची आहे. एकच अडचण उरली आहे. नोंदवही ग्रंथालयात ठेवली तर रात्रपाळीचे प्रश्न सकाळपर्यंत विसरले जातात, आणि प्रत्येक वॉर्डात वेगळी वही ठेवली तर ती भरली जात नाही. सिस्टर, आपण ही वही कुठे ठेवली असती?

इन्चार्ज सिस्टर, सोलापूर

हँडओव्हरच्या वहीतच शेवटची चार पाने राखून ठेवा, दादा. ती वही प्रत्येक पाळीला उघडली जातेच, सही केल्याशिवाय कोणी घरी जात नाही, आणि रात्री सुचलेला प्रश्न तिथेच लिहिला जातो. त्या वहीत रुग्णांची नावे असतात, म्हणून तिचा फोटो न काढता आपण स्वतः सकाळी नऊ वाजता फेरी मारून फक्त प्रश्न आपल्या वहीत उतरवून घ्या. पहिल्या आठवड्यात फेरी चुकवू नका. एकदा उत्तर परत आले की पुढचे प्रश्न आपोआप येतात.